विद्यापीठाच्या आवारातील रंगमंदिर

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चार पिढ्यांची पंगत बसली असता एक प्रश्न निघाला. वाद म्हणावा इतका तो मोठा नव्हता, तरी पाने उचलली गेली तेव्हा तो मिटलेलाही नव्हता. अमेरिकेत शिकत असलेल्या आमच्या पुतण्याच्या मुलाने प्रॉव्हिडन्स शहरातील ब्राऊन विद्यापीठाच्या नव्या रंगमंदिराची चित्रे धाडली होती. हे लिंडमन रंगमंदिर २०२३ च्या ऑक्टोबरात उघडले. त्याच्या मुख्य दालनाची जमीन, छत आणि भिंती यंत्राच्या साहाय्याने हलतात, आणि त्या हलल्या म्हणजे एकाच दालनाची पाच निरनिराळी रूपे होतात. आज तेथे वाद्यवृंद बसतो, उद्या नाटक होते, परवा सारी बैठक नाहीशी होऊन सपाट अंगण तेवढे राहते. चित्रे हातोहात फिरली. आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "नाटकासाठी भिंती हलवायच्या? आमच्या वेळी पडदा धड हलला तरी मिळवले असे वाटे!" एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, की विद्यापीठाने पोरांना विद्या द्यावी, तमाशे दाखविणे हे त्याचे काम नव्हे. यावर आमची नात, जी येथील महाविद्यालयात शिकते आणि युवा महोत्सवात समूहगीतात उभी राहते, ती एवढेच बोलली : "आजोबा, असे आपल्याकडे का असू नये?"

पंगतीत आम्हांस उत्तर सुचले नाही. सारा जन्म शाळेत प्रश्न विचारण्यात गेल्याने प्रश्नास तत्काळ उत्तर देण्याची सवय राहिलेली नाही. परंतु प्रश्न मनात राहिला, आणि त्याचा विचार करता करता जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. सभागृह निराळे आणि रंगमंदिर निराळे. अमरावतीस विद्यापीठ १९८३ च्या १ मे रोजी स्थापन झाले. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या छायेखाली येतात. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे. दोन्ही आवारांत सभागृहे आहेत : अमरावतीस डॉ. के. जी. देशमुख यांच्या नावाचे, अकोल्यास डॉ. के. आर. ठाकरे यांच्या नावाचे. सभागृहाचा धर्म असा, की एकाने उंचावर उभे राहून बोलावे व पुष्कळांनी खाली बसून ऐकावे. व्याख्यानास व चर्चासत्रास तेवढे पुरते. रंगमंदिराचा धर्म याहून सूक्ष्म आहे. तेथे उसासा शेवटच्या रांगेस ऐकू गेला पाहिजे आणि पापणीची हालचाल तेथून दिसली पाहिजे. हे ज्या वास्तूत साधते तीच रंगमंदिर. मग तिचे छत हलो अथवा न हलो.

ही कल्पना परदेशातून आली असे कोणी समजू नये. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सबंध याच विषयास वाहिलेला आहे. विकृष्ट म्हणजे लांबट, चतुरस्र म्हणजे चौकोनी व त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी अशी नाट्यमंडपाची तीन रूपे तेथे वर्णिली आहेत. आणि मोठा, मध्यम व लहान अशी तीन मापे सांगून मनुष्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडपच योग्य ठरविला आहे. चोवीस अंगुळांचा हात सुमारे दीड फुटाचा धरला तर ही लांबी शहाण्णव फूट व रुंदी अठ्ठेचाळीस फूट होते. त्यातील अर्धा भाग रंगपीठ व नेपथ्याचा आणि उरलेला अर्धा प्रेक्षकांचा, म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगापासून अठ्ठेचाळीस फुटांच्या आतच बसतो. याहून मोठा मंडप का बांधू नये, याचे कारणही मुनींनी दिले आहे : फार मोठ्या मंडपात पाठ्य अस्पष्ट होऊन स्वरहीन वाटते, आणि मुखावरील भाव प्रेक्षकांस दिसत नाही. नटाचा चेहरा वाचता यावा म्हणून शेवटचे आसन रंगमंचापासून सुमारे वीस मीटरांच्या पलीकडे असू नये, असे आजचे वास्तुविशारदही मानतात. म्हणजे मुनींचे माप आजच्या मर्यादेच्या आतच बसते.

मुनींनी आणखीही सांगितले आहे. मंडप डोंगरातील गुहेसारखा असावा, त्यास लहान झरोके असावेत, आत वारा खेळू नये. असे केले म्हणजे वाद्यांचा व कंठाचा नाद गंभीर राहतो. प्रेक्षकांची आसने पायऱ्यांप्रमाणे एकावर एक चढत जावी. म्हणजे कान आणि डोळे या दोन इंद्रियांची सोय हाच रंगमंदिराचा पाया, हे आमच्याकडे फार पूर्वीच ठरलेले होते. मधल्या काळात विसर पडला तो आम्हांस पडला. त्याचा दोष शास्त्राकडे जात नाही.

पाश्चात्त्यांकडे हे ज्ञान नव्याने उदयास आले ते, योगायोग पाहा, एका विद्यापीठाच्या आवारातच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत बांधली. तिच्यातील व्याख्यानाचे दालन दिसण्यास सुरेख होते, परंतु व्याख्याता बोलू लागला म्हणजे कोणास एक अक्षर उमगेना. हे कोडे वॉलेस सॅबाईन नावाच्या पदार्थविज्ञानाच्या एका तरुण अध्यापकाकडे सोपविण्यात आले. त्याने ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजण्याचे यंत्र घेतले आणि रात्री, शहर निजल्यावर, कामास आरंभ केला. नळीचा नाद थांबविल्यावर तो ऐकू येईनासा होण्यास किती काळ लागतो हे त्याने मोजले. त्या रिकाम्या दालनात तो काळ सुमारे साडेपाच सेकंद भरला. नंतर शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या माणसे लावून आणविल्या, थोड्या मांडून पुन्हा मोजले, आणखी मांडून पुन्हा मोजले. आणि सकाळ होण्यापूर्वी साऱ्या गाद्या परत जागच्या जागी पोहोचविल्या. अशा अनेक रात्री गेल्या. त्यांतून जो नियम निघाला त्याच्या आधारावर बॉस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले व १९०० च्या ऑक्टोबरात उघडले. आजही जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

तो नियम इतका सोपा आहे, की मॅट्रिकच्या वर्गात शिकविता यावा. दालनाचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्यास ०.१६१ ने गुणावे, आणि दालनातील सर्व वस्तू मिळून जितके चौरस मीटर ध्वनी गिळून टाकतात त्या आकड्याने भागावे. आवाज घुमत राहण्याचा काळ सेकंदांत मिळतो. तीस मीटर लांब, पंधरा रुंद व आठ उंच असे दालन घ्या. घनफळ झाले ३६०० घनमीटर. भिंती नुसत्या गिलाव्याच्या, खाली फरशी, वर स्लॅब. ध्वनी गिळण्यास जेमतेम १०० चौरस मीटर. भागाकार जवळजवळ सहा सेकंद येतो. बोलणारा सेकंदास पाच अक्षरे उच्चारीत असेल, तर पहिले अक्षर विरण्यापूर्वी आणखी तीसएक अक्षरे त्यावर येऊन आदळतात. नाटकास हा काळ एक सेकंदाच्या आसपास हवा, पाश्चात्त्य वाद्यवृंदास दोनच्या आसपास. एक सेकंदासाठी वरील दालनात सुमारे ५८० चौरस मीटर शोषण लागते. बसलेला मनुष्य अंदाजे अर्धा चौरस मीटर ध्वनी शोषतो. चारशे प्रेक्षक आले तरी दोनशेच झाले. उरलेले भिंतींनी, छताने, पडद्यांनी आणि आसनांच्या गाद्यांनी भरून काढावयाचे. आता वाचकांच्या ध्यानात येईल, की ब्राऊनच्या भिंती का हलतात. एकाच दालनास नाटकाचा एक सेकंद आणि वाद्यवृंदाचे दोन सेकंद हवे असतात, म्हणून वास्तूसच कूस बदलावी लागते. अमेरिकेतीलच ट्रॉय शहरी रेन्सेलर विद्यापीठात २००८ साली जे केंद्र उघडले, त्यातील बाराशे आसनांच्या संगीतगृहाचे छत कापडाचे आहे. हा विलास नव्हे, गणित आहे.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही शाळेतील मुलांकडून भासाच्या 'ऊरुभंग' नाटकातील एक प्रवेश बसविला होता. मांड्या भंगलेला दुर्योधन रणात पडला आहे, क्रोध ओसरला आहे, आणि तो आपल्या लहान मुलाशी बोलतो, असा तो भाग. दुर्योधनाचे काम करणारा मुलगा शेतकऱ्याच्या घरचा होता. त्यास आरडाओरड येत नसे; परंतु तो हळू बोलू लागला म्हणजे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. स्पर्धा एका गावी एका मोठ्या दालनात होती. वर पत्रे, खाली फरशी, चारी बाजूंस कोऱ्या भिंती. मुलाचे पहिलेच वाक्य त्या भिंतींत असे विरघळले, की पुढे काय बोलले गेले ते आम्हांस पाठ असूनही कळेना. आम्ही विंगेतून खुणा केल्या : मोठ्याने, मोठ्याने! तो बिचारा ओरडू लागला. ओरडल्याने गोंधळ अधिकच वाढला. परीक्षकांनी गुणपत्रिकेवर दोन शब्द लिहिले : "उच्चार अस्पष्ट." परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर पाहत बसला होता, आणि आम्ही त्यास म्हणालो, "जरा खणखणीत बोलायला शीक."

सॅबाईनचा नियम आमच्या वाचनात आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अशा दालनात मोठ्याने बोलून भागत नाही, थांबून थांबून बोलावे लागते, हे तेव्हा कळले. दोष मुलाच्या जिभेचा नव्हता, पत्र्याचा व भिंतींचा होता. आणि त्यानंतर आमच्या अज्ञानाचा. तो मुलगा पुन्हा रंगमंचावर चढला नाही. आज तो शेती करतो. बाजारात भेटला म्हणजे आदराने वाकतो व अजूनही तसाच हळू बोलतो. आम्ही त्याची चूक नव्हती हे त्यास सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "जाऊ द्या सर, तवाच्या तवा गेलं." परंतु आमचे समाधान झालेले नाही. ज्याचा आवाज वाईट वास्तूने गिळला, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. खर्चाचा हिशेब मांडणारांनी हा खर्चही धरला पाहिजे.

वऱ्हाडास नाट्याची परंपराच नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली तेव्हा स्वागताची धुरा वाहणारे दादासाहेब खापर्डे हेच १९०५ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. वीर वामनराव जोशी हे अमरावतीचे. तुरुंगवास भोगलेल्या या देशभक्ताचे 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. अमरावती आणि अकोला यांच्या मधोमध मूर्तिजापूर आहे. तेथे १९२० साली वसंतराव देशपांडे जन्मले, ज्यांचे खाँसाहेब 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात १९६७ पासून महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले. सुरेश भटांचा जन्म १९३२ चा, अमरावतीचा. त्यांच्या नावाचे सुमारे दोन हजार आसनांचे भव्य सभागृह २०१७ साली उघडले, ते नागपूरच्या रेशीमबागेत. माणूस वऱ्हाडात उपजतो आणि त्यास व्यासपीठ दुसरीकडे लाभते, हा क्रम जुनाच आहे. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली निघाले, मुंबई विद्यापीठात नाट्यशिक्षणाची संस्था २००३ साली. रिसोडच्या अथवा धारणीच्या मुलाने नाट्य शिकण्यासाठी घर सोडून इतके दूर जावे, आणि मुलगी असेल तर बहुधा जाऊच नये, असे ठरून गेले आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. सर्वांत बलवान आक्षेप विद्यापीठाच्या नावातच आहे. ज्या संताने आयुष्यभर झोपडीसाठी वीटदेखील लावून घेतली नाही, दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडले, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर उभे राहून हजारोंपुढे कीर्तन केले, त्याच्या नावाच्या आवारात कोट्यवधींचे यंत्रमंदिर शोभेल काय? हा आक्षेप आम्हांस निरुत्तर करणारा वाटला होता. बाबांस ना रंगमंच लागला, ना दिवे. श्रोत्यांस प्रश्न विचारावा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढावे, आणि त्याच उत्तराने त्यांस जागे करावे, ही त्यांची नाट्यकला कोणत्याही वास्तूच्या पलीकडची होती.

परंतु पुढे ध्यानात आले, की बाबांनी धर्मशाळा बांधल्या; त्या स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी. मुंबई, नाशिक, पंढरपूर येथील त्यांच्या धर्मशाळा त्याची साक्ष देतात. आणि दुसरी गोष्ट अशी, की १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्यास झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण कोणी करून ठेविले म्हणूनच तो वऱ्हाडी बोलीतील खणखणीत आवाज आज आपल्या कानी पडतो. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच, २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ बाबांनी देह ठेविला. ते यंत्र त्या दिवशी तेथे नसते, तर नातवंडांस आम्ही बाबा कसे बोलत हे कोणत्या तोंडाने सांगितले असते? तेव्हा यंत्राशी वैर नको. यंत्र कोणाच्या सेवेस लावले, एवढाच प्रश्न. धर्मशाळेच्या वृत्तीने बांधलेले रंगमंदिर बाबांस रुचले असते असे आम्हांस वाटते. राजवाड्याच्या वृत्तीने बांधलेले रुचले नसते.

याच कसोटीवर काही गोष्टी सुचतात. पहिली आकाराची. दोन हजारांचे दालन उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभते, परंतु शिकाऊ मुलाचा कंठ त्यात हरवतो. चार-पाचशे आसनांचे भरतमुनींच्या मापाशी नाते सांगणारे दालन बरे, आणि त्याच्या बाहेर मोठ्या लोकसमुदायासाठी उघडे, पायऱ्यांचे रंगण असावे. मेळघाटातील कोरकूंचे समूहनृत्य, दंडार, गोंधळ अथवा तुकडोजी महाराजांच्या धर्तीचे खंजिरीभजन हे आकाशाखालीच फुलते. दुसरी साहित्याची. सॅबाईनने गाद्या उसन्या आणल्या. वऱ्हाडास कापूस उसना आणण्याचे कारण नाही. दाट चुण्यांचे सुती पडदे, कापसाच्या गाद्या, लाकडी पट्ट्यांच्या भिंती यांनी बरेच काम होते. मात्र खालच्या, गंभीर स्वरांसाठी भिंतीमागे पोकळी ठेवावी लागते, आणि पडदे आगीस दाद न देणारे करून घ्यावे लागतात. ही कामे तज्ज्ञाकडूनच व्हावी, आणि नकाशा कागदावर असतानाच व्हावी. छत पडल्यावर ध्वनिशास्त्रज्ञास बोलावणे म्हणजे वरात निघाल्यावर पत्रिका जुळविणे होय.

तिसरी गोष्ट उन्हाची. अकोल्याचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्यास वातानुकूलन चैनीचे आहे असे सांगता येणार नाही. परंतु गार हवा जोराने सोडली म्हणजे तिच्या घोंघावण्यात नटाचा उसासा बुडतो. म्हणून नळ रुंद असावे व हवा संथ चालावी. इमारतीस जाड दुहेरी भिंती असल्या म्हणजे ऊन व रस्त्यावरील गोंगाट दोन्ही बाहेर राहतात. चौथी, आणि सर्वांत उपेक्षित, गोष्ट माणसांची. आजचे दिवे संगणकाच्या आज्ञेने रंग व दिशा बदलतात, पडदे तोलाच्या वजनांनी क्षणात माथ्यावर चढतात. हे सारे चालविणारा कुशल मनुष्य नेमला नाही, तर चार वर्षांत महागडे दिवे आंधळे होतात आणि दालन हारतुऱ्यांच्या समारंभांस उरते. प्रकाशयोजना, ध्वनिनियोजन, नेपथ्य व वेशभूषा यांचे शिक्षण त्याच वास्तूत सुरू झाले, तर विद्यार्थीच तिचे पुजारी होतील, आणि ज्याच्या अंगी अभिनय नाही अशा मुलासही त्यातून पोट भरण्याची विद्या मिळेल. पाचवी गोष्ट भाड्याची. बुलढाण्याच्या लहान महाविद्यालयास जे परवडत नाही ते विद्यापीठाचे रंगमंदिर नव्हे. वर्षातील ठराविक दिवस संलग्न महाविद्यालयांस विनामूल्य मिळावे, एवढे तरी नियमात लिहून ठेवावे.

राहिला आमच्या घरांचा प्रश्न. वाचकांनी राग मानू नये, परंतु सुशिक्षित घरांत नाटकाविषयी एक दुटप्पीपणा मुरलेला आहे. आम्ही संगीत नाटकांची पदे गुणगुणतो, जुन्या नटांच्या आठवणी सांगतो, आणि घरातील मुलगी तालमीस उशिरापर्यंत थांबणार म्हटले म्हणजे घड्याळाकडे पाहतो. हे घड्याळ पाहणे सर्वस्वी चूक नाही. आडवाटेचे अंधारे दालन आणि कडी नसलेला रंगपट पाहिल्यावर कोणत्या आईस काळजी वाटणार नाही? परंतु म्हणूनच चांगल्या वास्तूची मागणी आपण केली पाहिजे. उजेडाचे रस्ते, मुलींसाठी स्वतंत्र व सुरक्षित रंगपट, परतण्यास वाहन, या गोष्टी हलत्या भिंतींच्या आधी येतात, आणि त्यांस हलत्या भिंतींइतका पैसाही लागत नाही.

आमच्या नातीस आम्ही हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, तोपर्यंत आम्ही गायचे कुठे?" प्रश्न रास्त होता. त्या रविवारी आम्ही घरातील जुन्या गाद्या आणि दोन सतरंज्या टेम्पोत घालून त्यांच्या तालमीच्या खोलीत नेल्या. गाद्या मागच्या भिंतीस उभ्या केल्या आणि सतरंज्या खाली फरशीवर अंथरल्या. थोरल्या वहिनी प्रथम कुरकुरल्या, मग स्वतःच ट्रंकेतील एक जाड पडदा काढून म्हणाल्या, "हाही न्या. तेवढाच उपयोगी पडेल." मुलांनी समूहगीत धरले. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो. शब्द न् शब्द कळत होता.